अर्धवट ताणलेला स्ट्रायकर

ऑगस्ट २०१८. पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत कोल्हापूरची राही सरनोबत आणि थायलंडची नफास्वान यांगपाइबून २५ मीटर पिस्तूल प्रकारात ३४-३४ अशा अडकल्या. निकाल शूटऑफवर गेला आणि सुवर्ण कोल्हापूरला आलं. या प्रकारात पिस्तुलाच्या चापाची तपासणी होते. नळी आभाळाकडे करून पिस्तूल उभं धरतात, चापाला १००० ग्रॅमचं वजन अडकवतात आणि उचलून बघतात. वजन वर आलं तर पिस्तूल पास, आधीच चाप सुटला तर बाद. नेमबाजाला याहून जड चाप परवडत नाही, त्यामुळे सगळी धडपड त्या एक किलोच्या काठावर राहण्याची.

पोलिसाच्या कमरेचं पिस्तूल दुसऱ्या टोकाला असतं. ते धक्काबुक्कीत, घामेजल्या हातात, जिन्यावरून धावताना वापरायचं. शिवाय ते रोज कुणीतरी उघडून पुसायचं आणि पुन्हा जोडायचं.

भारतीय सैन्याच्या आणि पोलिसांच्या सवयीचं ‘९ एमएम १ए’ हे पिस्तूल इशापूरच्या रायफल कारखान्याचं. त्याचं घराणं १९३५च्या ब्राउनिंग हाय-पॉवरचं: मागे दिसणारा घोडा, मॅगझिनमध्ये १३ गोळ्या, पोलादी अंग. गंमत अशी, की जॉन ब्राउनिंगने १९२०च्या दशकात जे सुरुवातीचे नमुने केले, त्यांना बाहेर घोडा नव्हताच. आत स्ट्रायकर होता, म्हणजे स्प्रिंगने सरळ पुढे झेपावणारी टाचणी. ब्राउनिंग १९२६ मध्ये वारला. पुढे द्योदोने सेव्ह या रचनाकाराने काम तडीस नेलं तेव्हा पिस्तुलाला घोडा आलेला होता. मॅगझिन काढलेलं असताना गोळी सुटू नये म्हणून आत एक खटकाही बसला. चाप ओढताना तो मॅगझिनच्या पत्र्यावर घासतो आणि बोटाला खरखर लागते. हाय-पॉवर उघडायचं तर स्लाइड मागे अडकवून आडवी पिन ढकलून काढावी लागते. ती सुटी हातात येते, आणि सुटी वस्तू हरवते.

स्ट्रायकर पुन्हा प्रतिष्ठेला आला तो ऑस्ट्रियात. व्हिएन्नाजवळच्या डॉइच-वाग्राममध्ये पडद्यांच्या दांड्या आणि लष्करी सुऱ्या बनवणाऱ्या गास्टोन ग्लॉकने आयुष्यात पिस्तूल बनवलेलं नव्हतं. ते न बनवल्याचा त्याला फायदाच झाला असावा. त्याचं प्लास्टिकच्या सांगाड्याचं, १७ गोळ्यांचं पिस्तूल ऑस्ट्रियन सैन्याने १९८२ मध्ये स्वीकारलं. सुटे भाग जेमतेम ३४. आज आपल्या एनएसजीच्या कमांडोंकडेही ग्लॉक असतं.

ग्लॉक उघडणं म्हणजे काही सेकंदांचं काम. मॅगझिन काढायचं, चेंबर रिकामं असल्याची खात्री करायची, चाप दाबायचा, स्लाइड किंचित मागे घ्यायची, दोन्ही बाजूंचे छोटे कान खाली ओढायचे आणि स्लाइड पुढून काढून घ्यायची. समोर चार तुकडे: सांगाडा, स्लाइड, नळी, स्प्रिंग. हत्याराची गरज नाही, सुटी पिन नाही.

यातली ‘चाप दाबायचा’ ही पायरी मात्र नीट पाहण्याजोगी आहे. ग्लॉकचा स्ट्रायकर स्लाइड बंद होताना अर्धवटच ताणला जातो. उरलेला ताण चाप ओढणारं बोट देतं आणि शेवटी स्ट्रायकर सुटतो. म्हणूनच या चापाची ओढ ओल्या मातीत काठी रुतवल्यासारखी लागते: आधी मऊ, मग घट्ट, मग सुटका. ओढीचं वजन साधारण अडीच किलो. तोच अर्धा ताण मोकळा केल्याशिवाय स्लाइड निघत नाही, म्हणून पुसायला बसलेल्या माणसालाही चाप दाबावा लागतो. चेंबरमध्ये गोळी राहिली असेल तर ती तिथेच सुटते. उघडण्याची सोय आणि चापाची चव या वेगळ्या बाबी मानून पिस्तुलांना गुण देणारे इथेच फसतात. दोन्हींचं मूळ त्या एका अर्धवट ताणात आहे.

स्पर्धक कंपन्यांनी इथेच बोट ठेवलं. स्मिथ अँड वेसनच्या एम अँड पीमध्ये, २००५ पासून, आत एक छोटी तरफ आहे. ती खाली केली की चापाला हात न लावता स्लाइड निघते. सिग सावर पी३२० मध्ये स्लाइड मागे अडकवून बाजूची दांडी फिरवायची; मॅगझिन आत असेल तर ती फिरतच नाही. उघडण्याच्या बाबतीत पी३२० सगळ्यांत शहाणं म्हणायला हवं. त्याचा स्ट्रायकरही आधीच पूर्ण ताणलेला असतो, त्यामुळे चाप स्वच्छ सुटतो. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकन सैन्याने याच घराण्यातलं एम१७ निवडलं. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये दिसलं, की नागरी बाजारातलं पी३२० ठरावीक कोनात खाली पडलं तर गोळी सुटू शकते. दुरुस्तीत कंपनीने इतर बदलांबरोबर चाप हलका केला, म्हणजे त्या तुकड्याचं वस्तुमान कमी केलं. आपटताना चापाचं स्वतःचं जडत्वच त्याला मागे नेत होतं.

चापाच्या चवीत वॉल्थरच्या पीपीक्यूची वाहवा होते. एकदा सुटल्यावर तो थोडासाच पुढे सोडावा लागतो, की पुढच्या गोळीला तयार. उलट न्यूयॉर्क पोलिसांनी ग्लॉकचा चाप मुद्दाम साडेपाच किलोंच्या आसपास जड करून घेतला होता, चुकून दाबला जाऊ नये म्हणून. २४ ऑगस्ट २०१२ रोजी एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर एका मारेकऱ्यावर झाडलेल्या पोलिसांच्या गोळ्यांनी आणि उडालेल्या तुकड्यांनी ९ वाटसरू जखमी झाले. तेव्हा टीकाकारांचा रोख नेम हलवणाऱ्या त्या जड चापावरही होता.

दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या कुंभारीच्या एखाद्या सामान्य माणसाला मात्र यातलं ९ एमएम पिस्तूल घेता येणार नाही. सामान्य परवान्यावर ते निषिद्ध बोअर. .३२ बोअरचं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर मिळू शकतं, तेही परवाना मंजूर झाला तर. २०१६च्या शस्त्र नियमांनी शस्त्रसुरक्षेचं प्रशिक्षण आणलं. पिस्तूल हाताळण्याच्या अशा कुठल्याही शिक्षणात क्रम पक्का असतो: आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे. उलट केलं, तर चेंबरमधली गोळी बाहेर पडते आणि मॅगझिनमधली दुसरी तिच्या जागी जाऊन बसते.