दगडातील पाऊलवाटा

पावसाळ्यात मुळशीच्या भातखाचरांतून खेकडा चालून गेला की ओल्या चिखलात त्याच्या टोकदार पायांचे ठसे उमटतात आणि पुढच्या सरीसरशी पुसले जातात. क्वचित असे ठसे गाळाने अलगद झाकले जातात, तो गाळ कालांतराने दगड होतो आणि ठसे कोट्यवधी वर्षे टिकतात. खेकडा, विंचू, गोम अशा संधिपाद प्राण्यांच्या या अश्मीभूत पाऊलवाटा कशा ओळखाव्यात, याचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

पहिला नियम असा की, नाव खुणेच्या आकाराला द्यावयाचे, प्राण्याला नव्हे. कारण एकच प्राणी चालताना, उकरताना, विसावताना निरनिराळ्या खुणा ठेवतो. उलट निरनिराळ्या प्राण्यांच्या खुणा सारख्या दिसू शकतात. ठशांच्या दोन समांतर ओळी असल्यास ‘डिप्लिक्नाइट्स’. त्यांच्या मधून शेपटी घासत गेल्यासारखी रेघ असल्यास ‘प्रोटिक्नाइट्स’. तिरप्या ओरखड्यांची लांब जोडपट्टी म्हणजे ‘क्रुझियाना’. कॉफीच्या बीसारखी आखूड, दुभंगलेली खूण म्हणजे ‘रुसोफायकस’. त्यानंतर वाटेची रुंदी आणि ठशांचा पुन्हापुन्हा येणारा क्रम मोजावा. ही वाट कोणाची, हा प्रश्न सर्वांत शेवटी.

राजस्थानात बिकानेर जिल्ह्यातील दुलमेरा येथील वालुकाश्मात क्रुझियाना व रुसोफायकस या खुणा आढळल्या आहेत. आजच्या त्या मरुभूमीवर ५० कोटींहून अधिक वर्षांपूर्वी समुद्र होता आणि त्याच्या तळाशी ट्रायलोबाइट वावरत होते, असे त्यांवरून अनुमान निघते.

या कामात मोठ्यांचीही चूक होते. कॅनडातील अशाच एका वाटेचे ठसे रिचर्ड ओवेन या नामवंत शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये कासवाचे ठरविले होते. अधिक नमुने पाहताच १८५२ मध्ये त्याने आपले मत बदलले, ठसे संधिपादाचे असल्याचे मान्य केले आणि ‘प्रोटिक्नाइट्स’ हे नाव दिले.

मुळशीचा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. तप्त लाव्ह्यावर कोण चालणार? म्हणून येथील दगडांवरच्या नक्षीला जीवाश्म म्हणण्याची घाई विद्यार्थ्यांनी करू नये. खनिजेही दगडावर नेच्याच्या पानासारखी नक्षी काढतात. सरावासाठी आपल्या खाचरातील खेकड्याची वाट पुरेशी आहे. ती मोजावी, वहीत रेखाटावी, आणि जेवढे दिसले तेवढेच लिहावे.