आधी जागा, मग गणित

स्टीरिओच्या शौकिनांत एक तक्रार नेहमीची. स्पीकर उत्तम, ॲम्प्लिफायर उत्तम, तरी बेस गिटारचा एखादा सूर अख्खी खोली दणाणून सोडतो आणि त्याच्या शेजारचा सूर जवळजवळ ऐकूच येत नाही. खुर्ची हातभर मागे सरकवली की हरवलेला सूर परत येतो. यात स्पीकरचा दोष बहुधा नसतो. घरातल्या खोलीत साधारण २०० ते ३०० हर्ट्झच्या खाली स्पीकरपेक्षा खोलीचंच जास्त चालतं.

हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. खोली ५ मीटर लांब असेल तर ३४ हर्ट्झच्या आवाजाची अर्धी तरंगलांबी समोरासमोरच्या भिंतींमध्ये बरोबर बसते आणि स्थिर तरंग तयार होतो. भिंतींपाशी आवाज फुगतो, मधोमध मरतो. रुंदी ४ मीटर असेल तर हेच ४३ हर्ट्झला घडतं. बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली तर ४१ हर्ट्झचा सूर देते, म्हणजे नेमकी याच टापूत.

अमेरिकेतल्या हरमन कंपनीतले संशोधक टॉड वेल्टी यांनी या दुखण्यावर उपाय शोधला तो सबवूफरच्या, म्हणजे फक्त बेससाठीच्या स्पीकरच्या, जागेत. २००२ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या अधिवेशनात त्यांनी मांडलेल्या निबंधाचा विषयच होता, सबवूफर किती असले म्हणजे पुरे? आयताकृती खोलीत वेगवेगळ्या संख्येने आणि वेगवेगळ्या जागी सबवूफर ठेवून बसण्याच्या सगळ्या जागांवर बेस सारखा पोचतो का, हे त्यांनी तपासलं. चाराच्या पुढे संख्या वाढवून फारसं हाती लागत नाही, असं दिसलं. चार भिंतींच्या मध्यावर एकेक ठेवलेले चार सबवूफर फार चांगले ठरले. समोरासमोरच्या दोन भिंतींच्या मध्यावरची जोडीही त्यांच्या बरीच जवळ पोचली.

असं का होतं, हा या विषयाचा सर्वांत देखणा भाग. ३४ हर्ट्झच्या त्या तरंगात एका भिंतीशी हवेचा दाब वाढतो तेव्हा समोरच्या भिंतीशी तो घटतो. दोन टोकांचे सबवूफर मात्र एकाच क्षणी दाब वाढवतात. झोक्याला पुढून आणि मागून दोघांनी एकदम सारखाच रेटा द्यावा, तसा तो तरंग हलतच नाही. बाजूच्या भिंतींच्या मध्यावरचे दोघे तर त्याच्या शून्यावरच बसलेले, त्यामुळे तेही त्याला चेतवत नाहीत. ६९ हर्ट्झच्या तरंगात दोन्ही टोकांना दाब एकदम वाढतो, पण त्याच वेळी मध्यावर घटतो. तिथे पुढच्या-मागच्या जोडीला बाजूची जोडी काटते. एकही फिल्टर न लावता हे सगळं साधतं!

अर्थात घरात भिंतीच्या मध्यावर दार असतं, टीव्ही असतो, एखादी बाजू स्वयंपाकघराकडे उघडी असते. मग मोजणीला पर्याय नाही. कानाच्या उंचीवर मापनाचा मायक्रोफोन ठेवायचा, जॉन मलकाही यांच्या ‘रूम ईक्यू विझार्ड’सारख्या मोफत सॉफ्टवेअरने खालपासून वरपर्यंत चढत जाणारा सूर वाजवायचा आणि आलेख पाहायचा. जागा बदलून पुन्हा तेच.

डिजिटल दुरुस्तीची पाळी त्यानंतर. आलेखातला उंचवटा फिल्टरने छान खाली येतो. खड्डा तसा भरत नाही. तो १० डेसिबलने उचलायचा तर ॲम्प्लिफायरला दहापट शक्ती ओतावी लागते, आणि खड्डा परावर्तित लाटांनी पडलेला असेल तर जास्तीची शक्तीही तिथेच कटते. वर शेजारच्या खुर्चीत, जिथे खड्डा नव्हता, तो सूर अंगावर येतो. म्हणून आधी खड्डे जागा बदलून घालवायचे आणि उंचवटे तेवढे प्रोसेसरवर सोपवायचे, हाच क्रम शहाणपणाचा.

खरी कसोटी सांध्याची. सबवूफर आणि मुख्य स्पीकर बहुतेक वेळा ८० हर्ट्झच्या आसपास जोडतात. त्यासाठी सिगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली या इंजिनिअरांच्या नावाने ओळखला जाणारा, अष्टकाला २४ डेसिबल उतरणारा फिल्टर सर्रास वापरतात. ८० हर्ट्झच्या सुराची अर्धी तरंगलांबी सव्वादोन मीटरपेक्षा थोडी कमी, वेळेत सांगायचं तर ६ मिलिसेकंदांहून किंचित जास्त. सबवूफरचा आवाज तेवढा मागे पडला, तर दोघे एकमेकांना साथ देण्याऐवजी पुसून टाकतात. सबवूफरमधल्या प्रोसेसरलाही स्वतःचा वेळ लागतो, त्यामुळे नुसतं टेपने अंतर मोजून भागत नाही. आधी सगळे सबवूफर आपसात जुळवून त्यांची एक फळी करायची, मग ती मुख्य स्पीकरांशी जोडायची. आलेखावर तीन रेषा काढायच्या, स्पीकर एकटे, सबवूफर एकटे आणि दोन्ही मिळून. ८० हर्ट्झपाशी तिसरी रेषा पहिल्या दोघींच्या खाली गेली, की विलंब चुकला असं समजावं. स्वीडनच्या उप्साला शहरात सुरू झालेल्या डिराक कंपनीची बेस कंट्रोल प्रणाली ही जुळवाजुळव स्वतःच करते, पण तिलाही बऱ्या जागी ठेवलेले सबवूफर मिळाले तर निकाल जास्त चांगला येतो.

दुरुस्ती कुठवर न्यायची, यावर मतभेद आहेत. ध्वनिशास्त्रज्ञ फ्लॉइड टूल यांचा आग्रह असा की वरच्या पट्टीत चांगल्या स्पीकरचा मूळ आवाज खोलीतल्या आलेखाकडे पाहून बदलू नये, कारण कान थेट आलेला आवाज आणि भिंतींवरून परतलेला आवाज वेगळे ओळखतो, मायक्रोफोनचा साधा आलेख ओळखत नाही. हे पटल्यामुळे अनेक जाणकार फिल्टर ३०० हर्ट्झच्या आसपासच थांबवतात.