व्हिडिओ खेळांतील कथन व निवड

संगणकाच्या वा दूरचित्रवाणी संचाच्या पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या खेळांत कथा सांगण्याची पद्धती आणि त्या कथेच्या ओघावर खेळाडूच्या निर्णयांचा होणारा परिणाम. कादंबरी, नाटक वा चित्रपट यांतील घटनाक्रम आधीच निश्चित झालेला असतो. वाचक वा प्रेक्षक त्याचा अर्थ लावतो, पण तो बदलू शकत नाही. व्हिडिओ खेळात मात्र खेळाडूने कृती केल्याशिवाय कथा पुढे सरकत नाही. त्यामुळे लेखकाचे नियंत्रण व खेळाडूचे स्वातंत्र्य यांचा मेळ घालणे, हा या कलाप्रकारातील मध्यवर्ती प्रश्न होय.

इतिहास : अमेरिकेतील विल क्राउदर यांनी केंटकी राज्यातील मॅमथ गुहेच्या आधारे रचलेला व डॉन वुड्स यांनी १९७७ मध्ये विस्तारलेला ‘कलॉसल केव्ह ॲडव्हेंचर’ हा या परंपरेतील आद्य खेळांपैकी एक होय. त्यात चित्रे नव्हती. खेळाडू एकदोन शब्दांच्या आज्ञा टंकित करी व संगणक परिणामाचे वर्णन शब्दांत देई. स्टीव्ह मेरेट्स्की यांच्या ‘प्लॅनेटफॉल’ (१९८३) या खेळात फ्लॉइड नावाचा यंत्रमानव नायकासाठी प्राणार्पण करतो. तेथे खेळाडूला दुसरा मार्ग नसतो. तरीही तो प्रसंग पुष्कळांच्या मनाला चटका लावून गेला. निवड नसलेले कथनही खेळात प्रभावी ठरू शकते, हे यावरून दिसते. पुणे येथील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी : ॲन एन्शन्ट एपिक’ (२०२०) हा पौराणिक पार्श्वभूमीचा खेळही असाच एकरेषीय आहे.

संरचना : प्रत्येक टप्प्यावर दोन पर्याय देऊन प्रत्येकातून स्वतंत्र कथा चालविल्यास दहा टप्प्यांनंतर १,०२४ शेवट लिहावे लागतील. हे व्यवहार्य नसल्याने फुटलेल्या शाखा काही अंतराने पुन्हा एकत्र आणल्या जातात. ‘द वॉकिंग डेड’ (२०१२) या खेळाच्या पहिल्या भागात दोघांपैकी एकालाच वाचविता येते. परंतु वाचलेली व्यक्ती तिसऱ्या भागात मरतेच. घटना बदलत नाहीत. बदलतात ते पात्रांमधील संबंध. दुसऱ्या पद्धतीत खेळाडूचे निर्णय नोंदवून ठेवले जातात व त्यांचे पडसाद पुढे उमटतात. ‘मास इफेक्ट’ या त्रिखंडात्मक खेळात (२००७–१२) एका खंडातील निर्णय पुढील खंडात नेता येत. तथापि अखेरीस त्या निर्णयांना पुरेसे महत्त्व उरले नाही, अशी खेळाडूंची तक्रार झाली व २०१२ मध्येच विस्तारित शेवट विनामूल्य द्यावा लागला.

तिसऱ्या पद्धतीत निवड खेळाच्या नियमांतूनच निर्माण होते. ल्यूकस पोप यांच्या ‘पेपर्स, प्लीज’ (२०१३) या खेळात खेळाडू एका काल्पनिक हुकूमशाही राष्ट्राच्या सीमेवरील तपासनीस असतो. तपासलेल्या माणसांच्या संख्येवर वेतन मिळते व त्यातून कुटुंबाचे अन्न, ऊब आणि औषध भागवावे लागते. पतीची कागदपत्रे पुरी, पत्नीची अपुरी, अशा जोडप्याला सोडावे की अडवावे, हा प्रश्न येथे केवळ भावनेचा राहत नाही. नियमभंग वारंवार झाल्यास वेतन कापले जाते. दयेची किंमत आकड्यांत मोजावी लागते.

सिद्धांत व वाद : जॅनेट मरी यांनी ‘हॅम्लेट ऑन द होलोडेक’ (१९९७) या ग्रंथात अर्थपूर्ण कृती करून तिचे फळ पाहण्याच्या समाधानकारक सामर्थ्याला ‘कर्तृत्व’ या अर्थाची संज्ञा दिली. खेळ हे मूलतः नियमबद्ध असल्याने साहित्याचे निकष त्यांना लावू नयेत, असा प्रतिपक्ष एस्पेन आर्सेथ प्रभृतींनी मांडला. क्लिंट हॉकिंग यांनी २००७ मध्ये ‘बायोशॉक’ या खेळाच्या संदर्भात कथेचा आशय व नियमांचा आशय यांतील विसंगतीकडे लक्ष वेधले.

खेळ जतन करून मागे जाता येत असल्याने निर्णयाचे गांभीर्य घटते, हा आक्षेप महत्त्वाचा आहे. टोबी फॉक्स यांच्या ‘अंडरटेल’ (२०१५) या खेळात कोणालाही न मारता शेवट गाठता येतो आणि पूर्वी केलेली हत्या खेळ पुन्हा सुरू केल्यावरही काही पात्रांच्या स्मरणात राहते. निवडीचे मोल पर्यायांच्या संख्येवर नसून त्यांतून येणाऱ्या जबाबदारीवर अवलंबून असते, हे अशा उदाहरणांवरून स्पष्ट होते.