किडनीची बॅलन्स शीट

शनिवारची पार्टी. आधी मसाला पापड आणि खारे शेंगदाणे, मग दणकून चायनीज, घरी आल्यावर फरसाणाच्या दोन मुठी. रविवारी सकाळी बोटातली अंगठी निघता निघत नाही आणि वजनकाटा किलोभर जास्त दाखवतो. घाबरू नका, ते फॅट नाही, पाणी आहे. साधारण ९ ग्रॅम जादा मीठ शरीरात लिटरभर पाणी धरून ठेवतं. मग किडनी ते रात्रीतच बाहेर का टाकत नाही? तिलाही वीकेण्ड असतो की काय?

अजिबात नाही. गंमत अशी की, मीठ बाहेर टाकण्यापेक्षा ते परत आत घेण्यातच तिची जास्त शक्ती खर्च होते. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात. त्यातल्या सोडियमचा मिठात हिशेब केला तर भरतं जवळजवळ दीड किलो! एवढं सगळं लघवीतून गेलं तर खेळ खल्लास. म्हणून प्रत्येक किडनीतल्या दहा लाखांच्या आसपास सूक्ष्म नळ्या ते वेचून रक्तात परत पाठवतात. दोन तृतीयांश सोडियम पहिल्याच टप्प्यात परत येतं, पाव हिस्सा पुढच्या हेअरपिनसारख्या वळणात, म्हणजे हेन्लेच्या लूपमध्ये.

उरतं जेमतेम आठ-दहा टक्के, आणि खरा निर्णय होतो तो तिथे. तुम्ही रोज १० ग्रॅम मीठ खात असाल तर त्या दीड किलोतलं साधारण तेवढंच बाहेर जायला हवं. ५ ग्रॅमवर आलात, तर ५. म्हणजे एकूण मालातला फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी! आमच्या ऑफिसातल्या अकाउंट्सवाल्यांनी हे जरा बघावं.

हा हिशेब चालतो हॉर्मोन्सवर. मीठ कमी पडलं की किडनी रेनिन सोडते. त्यातून अँजिओटेन्सिन तयार होतं आणि ते किडनीच्या डोक्यावर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीला अल्डोस्टेरॉन सोडायला लावतं. मेसेज एकच : मीठ वाचवा. मीठ जास्त झालं की ही साखळी थंडावते. शिवाय हृदयही मदतीला येतं. १९८१ मध्ये कॅनडात अडॉल्फो डी बोल्ड यांनी उंदरांच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला, तर त्यांच्या लघवीतलं सोडियम कित्येक पटींनी वाढलं. रक्त जास्त झालं, कप्पे ताणले गेले की हृदयच किडनीला सांगतं, 'सोड आता!'

तरीही नव्या आहाराशी पूर्ण जुळवून घ्यायला किडनीला काही दिवस लागतात. शनिवारचं खातं बंद होईपर्यंत मंगळवार-बुधवार उजाडतो. आणि आपण? सोमवारी पुन्हा वडापाव, संध्याकाळी इन्स्टंट नूडल्स. 'डिटॉक्स'च्या नावाखाली बाटल्याच्या बाटल्या पाणी रिचवणं हा त्यावरचा उपाय नव्हे. पाण्याचा हिशेब किडनी वेगळ्या हॉर्मोनवर ठेवते. जादा पाणी ती पटकन सोडेल, मीठ मात्र आपल्याच गतीने.

अ‍ॅमेझॉनच्या जंगलातले यानोमामी लोक स्वयंपाकात मीठ वापरत नाहीत. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंटरसॉल्ट अभ्यासात त्यांच्या लघवीत सोडियम जवळपास नव्हतंच. किडनी इतकी चिक्कू होऊ शकते! त्यांचं बीपीही कमी. वाचवण्यात ती उस्ताद आहे, उधळण्यात तितकीशी नाही.

हॉर्मोन्सनी काम भागलं नाही, तर तिच्याकडे आणखी एक मार्ग उरतो : रक्तदाब. दाब वाढला की जास्त सोडियम बाहेर पडतं. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ आर्थर गायटन यांचं म्हणणंच होतं की, किडनीला नेहमीच्या दाबावर मीठ बाहेर टाकणं जमेनासं झालं, की बीपी वर चढून तिथेच मुक्काम ठोकतं. म्हणजे हिशेब जुळतो, पण बिल रक्तवाहिन्या भरतात. सगळ्यांना सारखंच नाही, काहींचं बीपी मिठाला पटकन दाद देतं, काहींचं नाही. तुम्ही कुठल्या गटात, ते आरशात दिसत नाही. अंगठी सैल झाली तरी बीपी मोजावंच लागतं.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक चमचाही पूर्ण नाही, आणि त्यात लोणचं, ब्रेड, सॉस सगळं आलं. आणि हो, डोकं धरलं की ड्रॉवरमधून काढून घेतो ती आयबुप्रोफेनसारखी गोळीही किडनीचं मीठ सोडण्याचं काम मंदावते. पार्टीच्या दुसऱ्या दिवशी नेमकी तीच घेतली जाते!