शुश्रूषेचा मूळ अर्थ

'शुश्रूषा' हा शब्द आपण रुग्णाची सेवा या अर्थी योजतो. संस्कृतात मात्र त्याचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. जे वृद्ध तृतीयपंथी आहेत, अथवा ज्यांची शरीररचना जन्मतःच स्त्री वा पुरुष या साच्यांत पूर्णपणे बसत नाही, म्हणजे जे आंतरलिंगी आहेत, त्यांच्या सेवेचा विचार करताना हा मूळ अर्थ आम्हांस विशेष मोलाचा वाटतो.

वार्धक्यात मनुष्यास बहुधा मुलानातवंडांचा आधार असतो. या ज्येष्ठांपैकी कित्येकांना तरुणपणीच घर सोडावे लागले. हिजडा समाजात गुरूच्या उतारवयात चेल्यांनी सेवा करावी अशी रीत आहे. पण त्या परंपरेबाहेर राहिलेल्यांना तोही आसरा नाही. रुग्णालयात जावे, तर खाट पुरुषांच्या विभागात मिळणार की स्त्रियांच्या, येथूनच अडचण सुरू होते. उपहासाच्या भयाने कित्येक जण दुखणे अंगावर काढतात आणि साधा रोगही बळावतो.

म्हणून सेवा करणाऱ्यांस काही गोष्टी मुद्दाम शिकवाव्या लागतात. पहिली गोष्ट, कोणत्या नावाने हाक मारावी हे त्या ज्येष्ठांनाच विचारावे व लिहून ठेवावे. पुढेमागे स्मृतिभ्रंश झाला, तरी तेच नाव चालू ठेवता येते. दुसरी, स्नान घालताना वा वस्त्रे बदलताना आधी परवानगी घ्यावी, आडोसा करावा आणि निव्वळ कुतूहलापोटी काही विचारू नये. तिसरी, पेहरावावरून रोगाचे अनुमान बांधू नये. जन्मतः पुरुष गणली गेलेली व्यक्ती स्त्री म्हणून जगत असेल आणि तिने शस्त्रक्रिया करून घेतली असेल, तरी पुरःस्थ ग्रंथी सामान्यतः शरीरात राहतेच. वृद्धपणी लघवीस त्रास होऊ लागल्यास त्या ग्रंथीचीही तपासणी व्हावयास हवी.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांच्या ओळखीस मान्यता दिली. २०१९ च्या कायद्याने आरोग्यसेवेतील भेदभावास मनाई केली आणि डॉक्टरांच्या अभ्यासक्रमाचा या दृष्टीने फेरविचार करण्याचे कर्तव्य सरकारवर सोपविले. २०२० साली वडोदरा येथे निराधार तृतीयपंथीयांसाठी 'गरिमा गृह' सुरू झाले.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी उद्या डॉक्टर होतील, कोणी परिचारिका, तर कोणी निवृत्तिवेतनाचे अर्ज तपासणारे कारकून. समोरच्या वृद्ध व्यक्तीने सांगितलेले नाव, ओठांवर हसू न आणता, नीट ऐकून घेण्याची सवय त्यांनी आजपासूनच लावून घ्यावी, एवढीच आमची विनंती आहे.