लिफ्टची किंवा उंचीची भीती वाटते? घर शोधताना काय कराल?

बजेटमध्ये बसणारा फ्लॅट, स्टेशन दहा मिनिटांवर, मुलांची शाळाही जवळ. पण घर चौदाव्या मजल्यावर. लिफ्टच्या दाराशी पोहोचताच तुमची छाती धडधडू लागते, तळहातांना घाम सुटतो आणि तुम्ही एजंटला सांगता, "फोटोत किचन लहानच दिसतंय, दुसरं दाखवा." अशी आठ-दहा घरं नाकारली की घरचे वैतागतात, एजंट फोन उचलत नाही आणि खरं कारण कोणालाच कळत नाही.

मुंबई, ठाणे, पुण्यात जुन्या तीन-चार मजली इमारतींच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. त्यामुळे आजवर टाळत आलेली ही भीती घर घेताना टाळता येत नाही.

साधी भीती की फोबिया?

उंचावरून खाली पाहताना थोडं घाबरायला होणं स्वाभाविक आहे. पण भीती धोक्याच्या मानाने खूप जास्त असेल, सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ टिकली असेल आणि तिच्यामुळे रोजचे निर्णय बदलत असतील, तर तो फोबिया असू शकतो. अशा वेळी मेंदू संकटाचा इशारा देतो, अ‍ॅड्रेनलिन वाढतं, श्वास जलद होतो, चक्कर आल्यासारखं वाटतं. हा मनाचा कमकुवतपणा नव्हे. मात्र चालताना, जिना चढताना छातीत दुखत असेल किंवा एरवीही चक्कर येत असेल, तर आधी फिजिशियनकडून तपासणी करून घ्या.

लिफ्टसमोरून परत फिरलं की लगेच बरं वाटतं. मेंदू त्यातून शिकतो, 'पळालो म्हणून वाचलो.' पुढच्या वेळी भीती अधिक जोरात येते. टाळाटाळ हेच फोबियाचं खत आहे.

एजंटला काय सांगाल?

आजाराचं नाव सांगायची गरज नाही. गरज स्पष्ट सांगा: "मला लिफ्टमध्ये आणि उंचावर त्रास होतो. तिसऱ्या मजल्यापर्यंतची घरं आधी दाखवा. वरचं घर असेल तर आधी कळवा, मी जिन्याने येईन, थोडा वेळ लागेल." यामुळे त्याचीही पायपीट वाचते. पुढील गोष्टी फोनवरच विचारा:

- मजला कितवा? जिना रुंद आणि उजेडाचा आहे का?
- लिफ्ट किती? वीज गेल्यास जनरेटर आहे का? लिफ्ट जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडणारी यंत्रणा बसवली आहे का?
- बाल्कनीचा कठडा भिंतीचा, काचेचा की गजांचा?
- घरातून आणि खिडकीतून काढलेला व्हिडिओ पाठवाल का?

नव्या प्रकल्पातील फ्लॅट विकणाऱ्या एजंटची महारेराकडे नोंदणी असणं कायद्याने आवश्यक आहे. नोंदणी क्रमांक मागून घ्या. तुमच्या अडचणीची थट्टा करणारा किंवा "आजच टोकन द्या" म्हणून मागे लागणारा एजंट बदला.

घर पाहायला जाताना

- एका दिवशी दोनपेक्षा जास्त घरं पाहू नका. शक्यतो गर्दी नसलेली वेळ निवडा.
- विश्वासातलं माणूस सोबत न्या. 'एवढं काय घाबरायचं?' असं म्हणणारं नको.
- बाल्कनीत लगेच कठड्यापाशी जाऊ नका. दारात थांबा, भीती थोडी ओसरू द्या, मग एक पाऊल पुढे.
- लिफ्टची केबिन हवाबंद नसते. ती अडकली तरी आतली हवा संपत नाही. अलार्म दाबून मदतीची वाट पाहा.
- मद्य किंवा दुसऱ्याच्या झोपेच्या गोळ्या घेऊन जाऊ नका.

निर्णय भीतीला घेऊ देऊ नका

खालच्या मजल्यावरचं घर सापडलं की 'सुटलो' असं वाटतं. त्या सुटकेच्या भरात टोकन देऊ नका. दोन दिवस थांबा आणि स्वतःला विचारा: ही भीती नसती, तर मी हे घर घेतलं असतं का? उत्तर 'हो' असेल तर खुशाल घ्या. घरात वयस्कर माणसं असतील तर खालचा मजला सोयीचाही ठरतो. पण अंधारं, ओलसर किंवा लांबचं घर केवळ भीतीपोटी घेत असाल, तर थांबा. शक्य असल्यास 11 महिन्यांच्या भाडेकरारावर राहा आणि त्या काळात उपचार सुरू करा.

उलट, घरच्यांच्या आग्रहाखातर विसाव्या मजल्याचा करार करून 'होईल सवय' म्हणणंही धोक्याचं. रोजची धास्ती हा उपचार नाही.

उपचार आहेत

एक्स्पोजर थेरपीत मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञ तुमच्या संमतीने, पायरीपायरीने भीतीला सामोरं जायला शिकवतात: आधी उघड्या लिफ्टसमोर उभं राहणं, मग एक मजला, मग तीन. बऱ्याच जणांना काही आठवड्यांतच चांगला फरक जाणवतो. औषधांची गरज सहसा कमी पडते, आणि ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत. कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल, तर शासनाच्या टेलि-मानस हेल्पलाइनवर 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं.

गृहकर्ज वीस वर्षं चालतं, उपचार बहुधा काही आठवडे. म्हणून घरांची यादी करताना पहिली अपॉइंटमेंट डॉक्टरांची घ्या.