जुना युनिक्स संगणक भंगारात देण्यापूर्वी

उधारी लिहून ठेवा, ही कुरआन शरीफची ताकीद (सूरह बकरा, आयत २८२). ज्यांचे जुने हिशेब युनिक्स संगणकात आहेत, त्यांनी नेटवर्क बंद पडताच तो भंगारात काढू नये, असे आम्ही सुचवितो.

प्रथम केबल पाहावी. जुन्या कोॲक्सियल केबलच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचा टर्मिनेटर लागतो. एक निखळला तरी सर्व यंत्रे अडतात. यंत्रे बंद करून टी-जोडावर मल्टिमीटर लावावा. सुमारे २५ ओहम आल्यास केबल ठीक. ५० आल्यास एका बाजूची जोडणी तुटलेली. मग ‘पिंग’ आज्ञेने आधी स्वतःचा, नंतर शेजारच्या यंत्राचा पत्ता तपासावा.

मल्टिमीटर बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत मिळतो. जोडणी सुरू होताच हिशेबाची नक्कल दुसऱ्या यंत्रावर घ्यावी. वही शाबूत, तर येणे शाबूत.